अपघात झाला, खटला कोणावर भरायचा?



जानेवारीचा महिना आहे असे समजा. ऊसतोड जोरात आहे. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. कारखान्याच्या रस्त्याला, एका वळणावर ट्रॅक्टर उभा आहे आणि त्याच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीचा टायर बसला आहे. ड्रायव्हर जॅक आणायला गावात गेला आहे. ट्रॉलीला मागे दिवा नाही आणि रेडियमची पट्टी होती ती लोंबत्या वाढ्याखाली झाकून गेली आहे. तेवढ्यात पाळी संपवून घरी निघालेला एक पंचविशीचा मुलगा मोटरसायकलवरून येतो आणि काळोखातल्या त्या उसावर आदळतो. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपलेले असते.

सकाळी पोलीस ठाण्यापुढे दोन घोळके उभे. एकात मुलाचे भाऊबंद. ते म्हणतात, "ट्रॉलीवाल्यावर केस झालीच पाहिजे, त्याशिवाय आम्ही माती उचलणार नाही." दुसऱ्यात ट्रॅक्टरमालक आणि त्याची माणसे. ते म्हणतात, "गाडी तर जागेवर उभी होती. उभ्या गाडीनं कधी कुणाला मारलंय का? पोरगंच भरधाव आलं." आणि दोन्ही घोळक्यांतली शहाणी माणसे हवालदाराला हळूच बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारतात: "साहेब, केस कोणावर होणार?"

प्रसंग माझ्या मनातला आहे, पण ज्या मुलखात ऊस आहे तिथल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. माझी उमेदीची वर्षे तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकिली करण्यात गेली. या प्रश्नाचे उत्तर देताना मी कितीतरी वेळा अडखळलो आहे, कारण ते एका वाक्यात देता येत नाही. आज जरा निवांतपणे देऊन पाहतो.

आधी, हे ठरवतो कोण? पुष्कळांना वाटते की सरकारी वकील कचेरीत बसतो, कागद चाळतो आणि 'याच्यावर खटला भरा, त्याला सोडा' असे सांगतो. विलायतेत साधारण तसे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८६ पासून खटले चालवणारे एक स्वतंत्र सरकारी खाते आहे. रस्त्यावर माणूस दगावला तर पोलीस पुरावा गोळा करतात आणि आरोप ठेवायचा की नाही ते त्या खात्याचा वकील ठरवतो. तो स्वतःला दोन प्रश्न विचारतो. या पुराव्यावर शिक्षा होण्याची खरीखुरी शक्यता आहे का? आणि असलीच, तर खटला भरणे लोकहिताचे आहे का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आले की दुसऱ्याकडे वळायचेच नाही.

आपल्याकडची घडण निराळी आहे. इथे तपास पोलिसांचा, आणि तपासाअंती दोषारोपपत्र, म्हणजे आपण ज्याला सरसकट चार्जशीट म्हणतो ते, पाठवायचे की नाही हे ठरवणेही पोलिसांचेच. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले की, पुरावा नाही असा अहवाल पोलिसांनी दिला तर दंडाधिकारी पुढचा तपास करायला सांगू शकतो, स्वतःहून गुन्ह्याची दखलही घेऊ शकतो, पण 'दोषारोपपत्रच पाठवा' असा हुकूम पोलिसांना करू शकत नाही. आणि २००० साली त्याच न्यायालयाने सांगितले की, सरकारी वकिलाचे मत घेऊन त्याप्रमाणे अहवाल द्या, अशी सक्ती तपासी अंमलदारावर करता येत नाही.

मग सरकारी वकील काय करतो? तो सल्ला देतो. पुष्कळ ठिकाणी दोषारोपपत्राचा कच्चा मसुदा त्याच्याकडे तपासायला येतो. पोलिसांना हा सल्ला बांधून घेत नाही, तरी शहाणा फौजदार तो मोडीतही काढत नाही. कारण उद्या कोर्टात उभे राहून साक्षीदार तपासायचे आहेत ते याच वकिलाला. शिवाय दोषारोपपत्र एकदा कोर्टात गेले की ते परत घेण्याचा अधिकार फौजदाराला राहत नाही. खटला मागे घ्यायचा तर अर्ज सरकारी वकिलाचा लागतो, आणि त्यालाही कोर्टाची संमती हवी. म्हणून तो कागद पाहताना विलायतेतल्या वकिलासारखा पहिला प्रश्न मनाशी विचारतोच: यावर शिक्षा होईल का?

आता फिर्यादीचे. अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला की ठाण्यात गुन्हा नोंदवावाच लागतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे बंधनकारक आहे, असा घटनापीठाचा निकाल २०१३ सालचा आहे. पण गुन्हा नोंदवला म्हणजे माणूस दोषी ठरला, असे नव्हे. खटला भरायचा ठरला, असेही नव्हे. तपास सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. कधी कधी तर फिर्यादीत मेलेल्या माणसाचेच नाव आरोपी म्हणून येते. घरात दहावा व्हायचा असतो आणि कोणीतरी येऊन सांगते की तुमच्याच मुलावर केस झाली. आईबापांच्या काळजाचे काय होत असेल! ते नाव खबर देणाऱ्याने सांगितलेल्या हकिकतीवरून आलेले असते आणि तपासात ते बदलू शकते, एवढे तरी त्या वेळी त्यांना कोणीतरी सांगायला हवे. गावातल्या शिक्षकाने सांगितले तर ते ऐकतील.

फिर्यादीत एक वाक्य मात्र ठरलेले असते. हजारो फिर्यादींत मी ते वाचले आहे: 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून...' हे वाक्य इतके घासून गुळगुळीत झाले आहे की त्यातून काहीच कळत नाही. आणि सरकारी वकिलाची खरी कसोटी इथेच लागते. कारण कोर्टात बचावाचा वकील पहिला सवाल हाच करतो, "भरधाव म्हणजे किती?"

कर्नाटकातले एक प्रकरण सांगतो. माणसांनी आणि मालाने भरलेला एक ट्रक नाला ओलांडताना उलटला. पंधरा माणसे दगावली. ड्रायव्हरवर खटला झाला, खालच्या कोर्टांत शिक्षाही झाली. उच्च न्यायालयाने त्याला सोडले आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. का? साक्षीदार सारे म्हणाले की ट्रक 'फार वेगात' होता. पण फार म्हणजे किती, ते कोणीच सांगितले नाही. न्यायालय म्हणाले, वेग ही सापेक्ष गोष्ट आहे. नुसत्या 'वेगात' या शब्दावरून अविचार किंवा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. आणि याहून लागणारी गोष्ट पुढेच आहे. मोटार वाहन निरीक्षकाने तो ट्रक तपासून अहवाल दिला होता. तो अहवाल कोर्टाच्या कागदांत आढळला नाही आणि त्या निरीक्षकाला साक्षीला बोलावलेही नव्हते. पंधरा माणसे गेली, आणि ट्रक उलटला तो ड्रायव्हरच्या चुकीने की यंत्राच्या बिघाडाने, हे सांगू शकणारा माणूस कोर्टाच्या पायरीवर आला नाही.

म्हणून सरकारी वकील कागदांत 'भरधाव' हा शब्द शोधत नाही, अंतरे शोधतो. रस्ता किती रुंद होता? ब्रेकच्या खुणा किती लांब उमटल्या? धडक डांबराच्या मधल्या रेषेपासून कोणत्या बाजूला आणि किती फुटांवर झाली? गाडी थांबली कुठे? काचेचा चुरा कुठे पडला होता? काच खोटे बोलत नाही.

शिक्षक मंडळींसाठी एक हिशेब देतो. फळ्यावर मांडून पाहा. तासाला ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. तासाला ७२ म्हणजे सेकंदाला २०. मोटरसायकलच्या दिव्याचा झोत समोर ४० मीटर पोचतो असे धरू. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ३६ च्या वेगाने येणाऱ्याचे तेवढ्यात दहा मीटर गेले, तीस उरले, तो थांबतो. ७२ च्या वेगाने येणाऱ्याचे वीस गेले, वीसच उरले, आणि त्या वेगाला ते पुरत नाहीत. आता आपल्या उसाच्या ट्रॉलीकडे परत या. मुलगा ३६ ने येत असेल तर त्याला ट्रॉली दिसायला हवी होती, थांबायला हवे होते. मग का थांबला नाही? वळणामुळे झोत दुसरीकडे पडला का? समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले का? की तो ७२ ने येत होता? ट्रॅक्टरमालक म्हणतो 'भरधाव', आईबाप म्हणतात 'आमचा मुलगा कधी जोरात चालवायचाच नाही'. दोघांचेही ऐकायचे, आणि मग टेप घेऊन रस्त्यावर जायचे.

दुसरा प्रश्न असा की, सावध माणसाला तरी तो अपघात टाळता आला असता का? याही बाबतीत कर्नाटकातलेच एक प्रकरण आहे, १९७९ सालच्या निकालाचे. बस चालली होती. एक लहान मूल एकाएकी रस्त्यात धावले. त्याला वाचवण्यासाठी ड्रायव्हरने बस उजवीकडे घेतली. मूल वाचले नाही. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरले होते, सर्वोच्च न्यायालयाने सोडले. अपघात झाला यातच निष्काळजीपणा दिसतो, असे गृहीत धरून फौजदारी खटल्यात माणसाला तुरुंगात घालता येत नाही. सरकार पक्षाने चूक दाखवून दिली पाहिजे, असा त्या निकालाचा मथितार्थ. आपल्याकडे रूढ समजूत आहे की मोठ्या गाडीचाच दोष. सायकल आणि मोटार, तर मोटारीचा. मोटार आणि ट्रक, तर ट्रकचा. या समजुतीत गरिबाविषयीचा कळवळा आहे, तो मला समजतो. पण कायद्यात तिला जागा नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि आपल्या ट्रॉलीच्या प्रकरणाचा जीव त्यातच आहे. चूक झाली हे खरे, पण मरण त्या चुकीमुळेच आले का? हा विचार जुना आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम आपल्या दंडविधानात १८७० साली आले, आणि १९०२ साली मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी त्याचे माप घालून दिले: मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा सरळ परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्या कोणाच्या निष्काळजीपणाने येऊन भर घातलेली नसावी. पुढे मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार दगावल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. चालकाने ज्वालाग्राही मालाजवळ बर्नर पेटू दिले, हा दोष कायम झाला. पण ती सात मरणे त्याच्या कृत्याचा सरळ परिणाम नव्हती म्हणून मृत्यूच्या आरोपातून तो सुटला. त्याच धर्तीवर महाराष्ट्रातलेच एक जीपचे प्रकरण आहे. १९६८ च्या निवाड्यांत छापलेले. जीप चालवणाऱ्याजवळ नुसता शिकाऊ परवाना होता आणि शेजारी शिकवणारा कोणी नव्हता. नियम मोडला हे उघड होते. पण धडक नेमकी कशी झाली याचा पुरावा नव्हता, आणि परवाना नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा धरता येत नाही असे ठरले. तेव्हा 'त्याच्याकडे लायसन नव्हतं' हे ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. त्याचा दंड वेगळा होईल. मरणाचा जाब त्याने मिळत नाही.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. मेलेल्याचीही थोडी चूक होती, एवढ्याने आरोपी फौजदारीतून सुटत नाही. मुलाच्या रक्तात दारू निघाली (गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे) तरी ट्रॉलीवाल्याने रस्त्यात काळोख उभा केला ही गोष्ट पुसली जात नाही. वकील दोन्ही चुका समोर ठेवतो आणि पाहतो की मरणाच्या अगदी निकट कोणती उभी आहे. खरे सांगतो, काही प्रकरणांत हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. अशा वेळी पुराव्यात पुरेसे बळ दिसले तर प्रकरण कोर्टापुढे जाऊ द्यावे आणि न्यायाधीशाला ठरवू द्यावे, असे मी सांगत असे.

हे सारे ठरते कशावरून? पहिल्या चोवीस तासांत लिहिलेल्या कागदांवरून. घटनास्थळाचा पंचनामा, कच्चा नकाशा, प्रेताचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहन निरीक्षकाची तपासणी, रक्ताचा नमुना, आणि जे जागेवर होते त्यांचे जबाब. खटला दोन-चार वर्षांनी उभा राहतो. तोवर रस्ता रुंद झालेला असतो, झाड तुटलेले असते, वळणसुद्धा सरळ झालेले असते. उरतो तो पंचनामा.

आणि पंचनाम्याची आपल्याकडे काय कथा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या हातून गेलेला एक खटला सांगतो. डंपरखाली एक म्हातारी आली होती. पंचाला मी साक्षीला उभे केले. तो म्हणाला, "मी टपरीवर चहा पीत होतो. हवालदारांनी हाक मारली, सही कर म्हणाले, केली." बचावाच्या वकिलाने पंचनामा उघडला. त्यात रस्ता पूर्वपश्चिम लिहिला होता. प्रत्यक्षात तो दक्षिणोत्तर जातो. "तुम्ही नक्की कोणत्या रस्त्यावर गेला होता?" असे त्याने विचारले आणि कोर्टात हशा पिकला. म्हातारीचा नातू मागच्या बाकावर बसला होता. ड्रायव्हर सुटला. पंचाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही; कारण ती जागा खटल्याआधी जाऊन पाहणे माझेही काम होते, आणि मी गेलो नव्हतो.

म्हणून शिक्षक मंडळींना, ग्रामसेवकांना, पोलीस पाटलांना माझी विनंती आहे की, पंच म्हणून बोलावणे आले तर टाळू नका. जा, उभे राहा, टेप धरा, पावले मोजा, उत्तर कोणती ते विचारा. लिहिलेले वाचून मगच सही करा. कोऱ्या कागदावर कदापि करू नका. कोर्टाच्या खेपा पडतील हे खरे आहे, आणि त्या नकोशा असतात हेही खरे आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याने मात्र मुळीच घाबरू नये. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसासाठी नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण दिले. नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. सांगितले आणि साक्षीदार व्हायचे ठरवले तर उत्तमच.

ड्रायव्हरचे एक. अपघात झाल्यावर जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि ठाण्यात खबर देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. पण याच कलमात, जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवाद लिहून ठेवला आहे. आपल्या लाठ्याकाठ्यांची दखल अशी कायद्याच्या पुस्तकात घेतली गेली आहे! जमावाने ड्रायव्हरला मारले की तो पळतो. तो पळाला की त्याची तपासणी होत नाही, रक्त वेळेवर काढले जात नाही. आणि मग दारूचा पुरावा कुठून आणायचा? खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे पोटकलम भारतीय न्याय संहितेत लिहिले गेले. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, आणि १ जुलै २०२४ रोजी बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले.

कलमे कोणती लागतात, ते थोडक्यात सांगतो. नुसते बेदरकार चालवणे, कलम २८१, सहा महिन्यांपर्यंत. कोणाला दुखापत झाली तर कलम १२५. दुखापत भारी असेल तर तीन वर्षांपर्यंत. माणूस दगावला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानात हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. जखमी माणूस महिनाभराने गेला तर कलम वाढते, पण तो त्या जखमेनेच गेला असे डॉक्टरांच्या कागदावरून दिसावे लागते. कलम १०६ चा हा गुन्हा जामिनाचा आहे. म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी चावडीपुढून जाताना दिसला की लोक म्हणतात, 'पैसे चारले, सुटला.' तो सुटलेला नसतो, जामिनावर असतो. आणि दोन्ही घरांनी बसून तडजोड केली, पाच पंचांसमोर रक्कम ठरली, तरी मृत्यूचा हा गुन्हा आपसांत मिटत नाही. असे मिटवणारे पुढारी गावोगाव आहेत. त्यांनाही हे माहीत असते.

कधी कधी मात्र निष्काळजीपणाचे कलम अपुरे पडते. २००६ साली मुंबईत, वांद्र्याच्या कार्टर रोडवर, पहाटे एक मोटार पदपथावर चढली. तिथे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालवणारा दारू प्यालेला होता. खालच्या कोर्टाने त्याला निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून तीन वर्षे दिली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. फरक कशात? निष्काळजी माणसाला धोका दिसायला हवा होता, पण दिसला नाही. दुसऱ्याला ठाऊक असते की माझ्या या कृत्याने माणूस मरू शकतो, आणि तरी तो करतो. हे 'ठाऊक असणे' सिद्ध करायचे असते. लोकांचा राग मोठा आहे म्हणून मोठे कलम लावा, असा दबाव पुष्कळदा येतो. त्याला बळी पडून लावलेले मोठे कलम कोर्टात गळून पडते.

तपासाअंती दोषारोपपत्र न जाता दुसरा अहवालही जाऊ शकतो. महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर 'अ' समरी; म्हणजे गुन्हा खरा, गुन्हेगार अज्ञात. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर 'ब'. गैरसमजाने झाली असेल तर 'क'. आणि ज्याच्यावर दोष येतो तोच मेला असेल, तर प्रकरण तिथेच संपल्याचा वेगळा अहवाल. आता हे ध्यानात ठेवा की समरी पाठवली म्हणजे ती मंजूर झाली, असे नाही. मंजुरी दंडाधिकारी देतो, आणि ती देण्याआधी फिर्याद देणाऱ्याला नोटीस देऊन त्याचे ऐकले पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल आहे. ती नोटीस घरी येते. पुष्कळ घरांत ती देवळीत, नाही तर देवाच्या फोटोमागे तशीच राहते. वाचून दाखवायला कोणी नसते आणि तारीख निघून जाते. तारखेला गेलात तर 'अमुक साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, वाहन तपासले नाही' असे लेखी म्हणणे देता येते, आणि दंडाधिकारी पुढील तपासाचा हुकूम देऊ शकतो. फिर्यादीची नक्कल विनामूल्य मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळवण्याचे बंधनही आता पोलिसांवर आहे.

नुकसानभरपाईची वाट वेगळी आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे पुराव्याचे माप हलके असते. 'कोणतीही वाजवी शंका उरू नये' इतके ते जड नाही. ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून भरपाई बुडाली, असे होत नाही. गाडी सापडलीच नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि भारी दुखापतीला पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो.

राहता राहिली आपली ट्रॉली. वळणावर, डांबरावर, दिव्याविना, मागे कोणी माणूस न ठेवता, चार-चार तास ती उभी ठेवली असेल, तर माझ्या मते ड्रायव्हरवर दोषारोपपत्र जायला हवे. मालकाने मागच्या दिव्याची सोयच केली नव्हती असे दिसले, तर त्याच्याकडेही पाहावे लागेल. पण टायर बसून दहाच मिनिटे झाली असतील, त्याने ट्रॉली होईल तेवढी कडेला घेतली असेल, मागे पन्नास पावलांवर बाभळीच्या फांद्या टाकून बॅटरी घेऊन एक पोरगा उभा केला असेल आणि त्या पोराला न जुमानता मोटरसायकल पुढे आली असेल, तर मी म्हणेन, खटला भरू नका. मरण तेच, ट्रॉली तीच, आईबापांचे दुःखही तेच.

आणि यातले खरे कोणते, ते रात्री तिथे थांबलेल्या चार माणसांना ठाऊक असते. फांद्या होत्या का? ट्रॉलीचे चाक डांबराच्या कडेपासून किती आत होते? दिवसा हे कोणाला मोजता येणार नाही. ऊस वाळतो म्हणून ट्रॉली पहाटेच दुसरा टायर घालून काट्यावर गेलेली असते.